रोल्ल्याचा वड आणि तेल्याचा दगड

(सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी इतिहासाची अभ्यासक नव्हे. परिचर्येचा डिप्लोमा घेतला आणि उभे आयुष्य रुग्णालयांत घालवले. रुग्ण दाखल झाला की आम्ही पहिला प्रश्न विचारत असू, ‘पूर्वी काय झाले होते?’ त्याच्या उत्तरालाही आमच्याकडे इतिहासच म्हणतात. जुनी शहरे पाहण्याची माझी पद्धत तेवढीच आहे. आज जे दिसते त्याच्या आधी येथे काय होते, हे विचारावे आणि मिळेल ते उत्तर लिहून ठेवावे. प्रवासातील ऐतिहासिक स्थळांविषयी बोलावे, अशी आपल्या समितीने सूचना केली. मी जे स्थळ निवडले आहे, तेथे कोणी मुद्दाम पर्यटनास जात नाही. ते म्हणजे शारजातील रोल्ला.

शारजा म्हटले की आपल्या घरांतील पुरुषमंडळींना क्रिकेट आठवते. १९८६ चा मियांदादचा शेवटच्या चेंडूवरील षटकार आठवतो आणि १९९८ मधील सचिनची वाळूच्या वादळातली खेळी आठवते. रोल्ला हा त्याच शहराचा जुना, गजबजलेला भाग आहे. तेथे कापडाची आणि सोन्याची दुकाने आहेत, उडप्यांची व मलबाऱ्यांची खाणावळ आहे, आणि सुटीच्या दिवशी आपल्या देशातील शेकडो कामगार तेथील चौकात जमतात. आपल्या गावची बातमी मिळण्याचे ते ठिकाण आहे. परंतु ‘रोल्ला’ हे नाव दुकानाचेही नाही आणि माणसाचेही नाही. तेथील बोलीत रोल्ला म्हणजे वड. सुमारे दीडशे वर्षे त्या मैदानात एक विशाल वटवृक्ष उभा होता. ईदच्या दिवशी त्याच्या फांद्यांना झोके बांधले जात आणि सारे गाव त्याच्या सावलीत गोळा होई. १९७८ साली तो वृक्ष गेला. नाव मात्र राहिले.

वड हे आपल्या उपखंडाचे झाड आहे. वाळू आणि खाऱ्या पाण्याच्या त्या किनाऱ्यावर ते समुद्र ओलांडूनच पोहोचले असले पाहिजे. परक्या भूमीत पारंब्या रोवून उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला फुटक्या गलबतातून लागले आणि पुढे कोकणचेच होऊन गेले.

मी त्या गावी प्रथम गेले ती १९८१ साली, नोकरीसाठी. चार वर्षे रोल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर एका खोलीत राहिले. तेव्हा वड जाऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. येथे काय होते, हे सांगणारी माणसे गल्लोगल्ली होती. मी त्यांपैकी कोणालाही काही विचारले नाही. त्याचे कारण आज या सभागृहात सांगते. चाळीस वर्षे ते मी घरच्यांखेरीज कोणापाशी बोलले नव्हते.

मुंबईत नोकरीचा अर्ज भरताना धर्माचा रकाना आला. ज्या गृहस्थामार्फत अर्ज जात होता, त्यांनी सल्ला दिला, ‘बाई, ख्रिस्ती लिहा. कशाला प्रश्न?’ माझ्या पाठीशी दोन धाकटी भावंडे होती आणि वडील थकले होते. मी ख्रिस्ती लिहिले. आडनाव ‘कर’ने संपणारे, बोली मराठी, वर्ण कोकणी, संशय कोणाला येणार? खोलीतील केरळच्या मैत्रिणी रविवारी प्रार्थनेस बोलावीत, तेव्हा मी रात्रपाळी मागून घेई. शुक्रवारी सायंकाळी न्हाणीघरात जाऊन शेमा म्हणत असे, तोही ओठांतल्या ओठांत. आपल्याला कोणी काही विचारू नये, या भीतीत वावरणारा माणूस दुसऱ्यालाही काही विचारत नाही. चार वर्षांत मी बाजार पाहिला, बँक पाहिली, समुद्र पाहिला. गाव मात्र पाहिले नाही.

त्याला अपवाद एका वृद्ध रुग्णाचा. ते तरुणपणी मोत्यांच्या गलबतावरचे पाणबुडे होते. दोन्ही कानांचे पडदे फाटलेले, डोळे खाऱ्या पाण्याने अधू झालेले, फुप्फुसे जीर्ण. नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात टोपली आणि कमरेला दोर, एवढ्या सामग्रीवर उन्हाळ्याचे महिने हे लोक दिवसातून कितीतरी वेळा तळाशी जात. हंगामापूर्वी मालकाकडून उचल घ्यायची आणि मोत्यांतून ती फेडायची. ती फिटली नाही तर कर्ज मुलाच्या नावावर जाई. त्यांच्या कानांत औषध घालताना मला मोत्याच्या दागिन्याची खरी किंमत कळली. ते हिंदुस्थानी चांगले बोलत, कारण लहानपणी आपल्या शेठबरोबर ते मुंबईला आले होते. हिशेब ते अजून रुपये-आण्यांतच करीत. त्यात नवल नव्हते. १९६६ पर्यंत त्या किनाऱ्यावर आपलाच रुपया चालत होता. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापत असे.

त्यांची सून दुपारी डबा आणी आणि आग्रहाने मलाही वाढी. हमूर मासा मी घेई. एकदा कोळंबी आली, ती मी नको म्हटली. पुढे ‘जशीद’ आले, म्हणजे लहान मोरीच्या मांसाचा त्यांचा आवडता पदार्थ. तेही नको म्हटले. पोट बरे नाही, अशी सबब सांगितली. त्या रात्री दिवे मंद झाल्यावर म्हातारबाबा हळूच म्हणाले, ‘बेटी, खवल्याची मासळी तेवढी खातेस. मुंबईत मशीद स्टेशनाजवळ आम्ही उतरत असू. शेजारी असेच लोक होते.’

माझे हात थंड पडले. आपणांस दावीद राहाबींची कथा ठाऊक आहे. कोकणात हे शनवार तेली कोण, हे ओळखण्यासाठी त्यांनी आपल्या स्त्रियांपुढे मासळी ठेवली आणि स्त्रियांनी खवले-पर नसलेली मासळी बाजूला काढली, असे परंपरा सांगते. शारजाच्या त्या खोलीत एका अरब पाणबुड्याने माझी तीच परीक्षा घेतली होती. मी गप्प राहिले. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही, कोणाला सांगितलेही नाही. दुसऱ्या दिवशी ते रोल्ल्याच्या वडाविषयी बोलू लागले. ईदचे झोके, नवे कपडे, सावलीत बसलेली माणसे. मी ‘हूं’ म्हणत राहिले. एक शब्दही लिहून घेतला नाही. पंधरवड्याने ते वारले.

त्यानंतर मी रोल्ल्याला गेले ती थेट २०२३ च्या मार्च महिन्यात. माझी भाची आणि तिचे यजमान आता तेथे राहतात. मधल्या काळात जग बदलले होते. सप्टेंबर २०२० मध्ये अमिरातीने इस्राएलशी करार केला होता आणि अबू धाबीत मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकाच आवारात उभी राहून लोकांसाठी नुकतीच खुली झाली होती. त्या सिनेगॉगला मोशे बेन मैमोन यांचे नाव आहे. भाची म्हणाली, ‘मावशी, आधी अबू धाबीला जाऊ.’ मी म्हटले, ‘आधी रोल्ला. तेथे माझे काम राहिले आहे.’

वडाच्या जागी आता उद्यान आहे आणि त्यात वृक्षाच्या आठवणीचे शिल्प उभारले आहे. मी तेथील बाकावर तासभर बसले. समोर आपले तरुण कामगार घरच्यांशी फोनवर बोलत होते. त्यांत मराठीही ऐकू आली. सावलीचे झाड गेले, तरी सावलीत बसायला येणारे लोक थांबले नव्हते.

तेथून थोड्या चालीवर, बँकांच्या उंच इमारतींच्या मधोमध, ‘अल हिस्न’ हा किल्ला आहे. अल कासिमी राज्यकर्त्यांचे हे निवासस्थान १८२० च्या सुमाराचे. माझ्या पहिल्या मुक्कामात तेथे केवळ एक बुरूज उरला होता आणि मी त्याच्याकडे मान वर करून पाहिलेही नव्हते. त्याची हकीकत आता संग्रहालयात वाचली. १९६९-७० च्या सुमारास किल्ला पाडण्यास सुरुवात झाली. राजघराण्यातील एक तरुण, सुलतान बिन मुहम्मद, त्या वेळी कैरोत शेतकीचे शिक्षण घेत होता. बातमी ऐकून तो धावत परत आला. तोवर एक बुरूज आणि भिंतीचा थोडा भाग एवढेच उभे होते. त्याने पाडकाम थांबवले, पायाची मापे घेतली, दारे-खिडक्या मिळतील तशा सांभाळून ठेवल्या. १९७२ मध्ये तोच शारजाचा शासक झाला आणि पाव शतकानंतर, १९९७ च्या सुमारास, त्या मापांवरून, जुन्या छायाचित्रांवरून आणि वृद्धांच्या आठवणींवरून किल्ला पुन्हा उभा राहिला. आज आपण पाहतो त्यातला बहुतेक भाग नवा आहे. खरी जुनी वस्तू एकच, तो बुरूज. पण बुरूज उरला तो पाडकाम वेळीच थांबले म्हणून, आणि बाकीचे उभे राहिले ते कोणीतरी वेळीच मापे लिहून ठेवली म्हणून.

जवळच ‘बैत अल नाबूदा’ हा एका मोतीव्यापाऱ्याचा वाडा आहे. भिंती समुद्रातील प्रवाळाच्या दगडांच्या, चौकाभोवती सागवानी खांब. या घराण्याचा व्यापार मुंबईपर्यंत पसरलेला होता. आखाताचे मोती विकले जात ते मुख्यतः मुंबईच्या बाजारात. तेथे ते भोके पाडून, प्रतवारी लावून पुढे युरोपात जात. जपानी कृत्रिम मोती आले आणि १९२९ नंतर जगभर मंदी पसरली, तेव्हा हा सारा व्यवहार कोसळला. माझे पाणबुडे आजोबा त्या शेवटच्या पिढीतले होते.

त्या वाड्याच्या चौकात मला तुदेलाच्या बिन्यामीनची आठवण झाली. बाराव्या शतकातील हा स्पेनचा यहुदी प्रवासी. त्याच्या प्रवासवर्णनात आखातातील किश बेटावरील पाचशे यहुद्यांची नोंद आहे आणि कातीफजवळच्या मोत्यांचीही. तो लिहितो की निसान महिन्यात समुद्रावर पाऊस पडतो, शिंपले तो पिऊन मिटतात आणि तळाशी जातात. तिश्रीच्या मध्यास माणसे दोर धरून खाली उतरतात व त्यांतून मोती काढतात. तिश्री, म्हणजे आपल्या दारफळणीच्या सणाचा महिना. आणि आपली आजी काय सांगत असे? स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो. नक्षत्र वेगळे, महिना वेगळा, कथा एकच. समुद्राच्या दोन्ही काठांची माणसे एकमेकांना काय सांगत आली असतील, याचा हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

देवाणघेवाण मात्र नेहमीच गोड नव्हती. १८१९ च्या अखेरीस मुंबईहून इंग्रजांची आरमारी मोहीम निघाली. तिने रास अल खैमा उद्ध्वस्त केले आणि जानेवारी १८२० पासून त्या किनाऱ्यावरच्या शेखांकडून तह लिहून घेतले. चाचेगिरी मोडण्यासाठी हे केले, असे इंग्रजांचे म्हणणे. त्या काळी मुंबई लष्कराच्या पलटणींत आपले सुभेदार आणि जमादार होते, याचा आपण अभिमान बाळगतो आणि तो रास्तही आहे. परंतु ज्याच्या घराच्या भिंती त्या लष्कराच्या तोफांनी पडल्या, त्याच्या बाजूनेही ही गोष्ट एकदा ऐकावी. ती शारजाच्या याच शासकांनी लिहिली. एक्सेटर विद्यापीठातील त्यांचा प्रबंध १९८६ साली ग्रंथरूपाने निघाला आणि चाच्यांची ती कहाणी हे मिथक आहे, असा त्यांचा पक्ष आहे. त्यासाठी त्यांनी पुरावा कोठून आणला? प्रामुख्याने मुंबईच्या दप्तरखान्यातून. ते दप्तर एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. तेथून काळा घोड्यावरचे १८८४ चे आपले केनेसेथ एलियाहू सिनेगॉग पाच मिनिटांच्या चालीवर आहे. रोश हशानाला त्या रस्त्याने मी कितीदा गेले असेन! शारजाचा इतिहास माझ्या वाटेवरच पडून होता आणि मी तो शारजातही पाहिला नाही, मुंबईतही नाही.

बंधुभगिनींनो, परक्या गावी जाण्याचा उपयोग काय, असा प्रश्न मला तेथे पडला. सुंदर वास्तू पाहून डोळे निवतात, हे खरे. परंतु रोल्ल्याने मला निराळे शिकवले. त्या गावाने आपला वड गमावला, किल्ला बहुतांशी गमावला, मोत्यांचा धंदा गमावला. १९३२ साली लंडनहून हिंदुस्थानला जाणारी विमाने जेथे मुक्कामाला उतरत, त्या जुन्या विमानतळाची धावपट्टीही आता शहरातला एक रस्ता आहे. पण प्रत्येक हरवलेल्या वस्तूच्या जागेवर त्यांनी खूण ठेवली आहे. विमानतळाच्या जागी संग्रहालय, वडाच्या जागी शिल्प, मैदानाला त्याचेच नाव. आणि त्या गावी आपले नाव लपवून राहिलेली मी, त्यांच्या खुणा वाचू शकले नाही. स्वतःची ओळख झाकणाऱ्याला दुसऱ्याची ओळख विचारण्याचे धैर्य होत नाही. म्हणून या वेळी संग्रहालयाच्या दारातील वृद्ध रखवालदाराने ‘कोठून आलात?’ असे विचारले, तेव्हा मी म्हणाले, ‘मुंबईची. बेने इस्राएल, यहुदी.’ तो म्हणाला, ‘अहलन.’ आणि वडाखाली तो स्वतः झोका खेळला होता, ते अर्धा तास सांगत राहिला. या वेळी मी वही काढली.

आता आपल्या खुणांकडे वळू. आपली गावे आपल्या आडनावांत आहेत. केहीमकर, दिवेकर, पेणकर, आवासकर. हाक मारली की कोकणचा नकाशा उभा राहतो. रोल्ल्याचे जसे वड गेल्यावर नाव राहिले, तसेच आपलेही, कारण त्या गावांत आज आपले घर बहुधा नाही. १९४८ नंतर समाज निघाला. इस्राएलला गेला, मुंबई-ठाण्यात स्थिरावला. जेथे एके काळी शब्बाथला जागा पुरत नसे, तेथे आता मिन्यानसाठी दुसऱ्या गावाहून माणसे बोलवावी लागतात. १८४८ साली स्थापन झालेले आणि १९१० मध्ये नव्याने बांधलेले अलिबागचे मागेन अबोथ सुदैवाने उभे आहे. सगळ्यांच्या नशिबी ते नाही.

वेळीच लिहिणारे आपल्याकडेही होते. हाईम शमुवेल केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या पश्चात. चाळीस वर्षे ते हस्तलिखित कोणीतरी जपले. त्यातील सण, रिवाज आणि गावांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत, ती त्या जपण्यामुळे. आपल्या शब्दांतला तो पाडकामातून वाचलेला बुरूजच आहे.

परत आल्यावर गेल्या हिवाळ्यात मी भाचीला घेऊन माझ्या माहेरच्या आडनावाच्या गावी गेले. बरोबर वही आणि शिंप्याची फीत घेतली. आमचे घर नाही, विहीर बुजलेली. कब्रस्तानात गवत कमरेइतके. अकरा दगडांवरची अक्षरे वाचता आली, ती उतरवून घेतली. परतताना एका अंगणात एक शेतकरीण गोल, मधोमध खोलगट अशा मोठ्या दगडावर कपडे धूत होती. मी विचारले, ‘बाई, हा दगड कसला हो?’ ती सहज म्हणाली, ‘ह्यो? तेल्याचा दगड. आमची सासू सांगायची, शनवारी ह्याचा घाणा बंद असायचा. का, ते कुणाला ठाव?’

मी तिच्याजवळ बसले आणि का, ते सांगितले. तिने चहा केला. भाचीने फीत धरली, मी मापे लिहिली. व्यास दोन हात चार बोटे, खोली एक वीत. ती वही मी आज सोबत आणली आहे. मागच्या बाजूला पाने कोरी आहेत. ज्यांच्या आडनावाचे गाव त्यात अजून आलेले नाही, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटावे. माझी फीत मी आनंदाने उसनी देईन.

शालोम.